सांवली आणि हिरवळ

आपल्या देशांतील बागांचा इतिहास लिहूं पाहणारा मनुष्य बहुधा झाडांचा, फुलांचा आणि कारंज्यांचा इतिहास लिहितो. गवताकडे तो क्वचितच पाहतो. गवत हें पायाखालचें. तें मृगाच्या पावसाबरोबर उगवतें, गुरांच्या पोटांत जातें, उन्हाळ्यांत वाळतें आणि पुन्हां उगवतें. त्याला इतिहास तो कसला, असें कोणासही वाटावें. आमचाही समज कांहीं वर्षांपूर्वीपर्यंत असाच होता. परंतु छत्रपती संभाजीनगर येथील छावणींत, एका स्नेह्यांच्या जुन्या बंगल्याच्या आवारांत झालेल्या एका लहानशा वादामुळें या विषयाकडे आमचें लक्ष वेधलें. आणि जसजसे आम्ही त्याच्या मागें लागलों तसतसें आम्हांस दिसून आलें कीं, या शहराच्या चारशें वर्षांच्या उद्यानपरंपरेंतील एक मोठा प्रश्न त्या पायाखालच्या गवतांतच दडलेला आहे.

वाद असा होता. बंगल्यापुढें एक जुना कडुलिंब आहे. त्याचा घेर एवढा कीं, भर दुपारीं सबंध अंगण त्याच्या सांवलींत असतें. आमच्या स्नेह्यांची इच्छा अशी कीं, बंगल्यापुढें हिरवळ असावी. तीन वर्षांत तीन वेळां त्यांनीं हरळी आणून लावली. शेणखत घातलें, सकाळ-संध्याकाळ पाणी दिलें. दर वेळीं पावसाळ्यांत ती कांहीं दिवस हिरवी दिसे, मग पिवळी पडे, मग विरळ होई, आणि शेवटीं उघडी माती राही. तेव्हां एका जाणत्या म्हणविणाऱ्या गृहस्थांनीं सल्ला दिला कीं, कडुलिंब अर्धाअधिक छाटावा. बंगल्याचा वृद्ध माळी जवळच उभा होता. तो म्हणाला, "साहेब, एक तर झाड राहूं द्या, नाही तर हिरवळ. दोघं एका जागी नांदत नाहीत." स्नेह्यांनीं आमच्याकडे वळून विचारलें, "तुम्ही इतिहासाचे प्राध्यापक. मग सांगा, आमच्याआधीं या बंगल्यांत राहिलेल्या लोकांनीं काय केलें असेल?" त्या वेळीं आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. पुढील मजकूर हें तें उत्तर होय.

प्रथम शब्दांकडे पाहूं. हिरवळीची आवड आपल्याकडे परक्यांनीं आणली असें नव्हे. कोंवळ्या गवतानें आच्छादलेल्या भूमीला संस्कृतांत 'शाद्वल' हा स्वतंत्र शब्द आहे, आणि तो कसा सिद्ध होतो हें सांगण्यासाठीं पाणिनीनें एक सूत्र खर्ची घातलें आहे. दूर्वा तर आपल्या देवघरांतच आहे; गणपतीच्या मस्तकीं एकवीस दूर्वांची जुडी वाहिल्यावांचून पूजा पुरी होत नाहीं, आणि वंश दूर्वेसारखा वाढो हा आशीर्वाद आपल्या परिचयाचा आहे. या दूर्वेलाच आपण शेतांत हरळी म्हणतों, आणि तेथें तिला शिव्या देतों. कारण काळ्या जमिनींत हरळी एकदां शिरली म्हणजे तिचीं मुळें खणून काढतां काढतां शेतकऱ्याची कंबर मोडते. देवाला प्रिय, गुरांना प्रिय आणि शेतकऱ्याला वैरीण अशी ही एकच वनस्पति आहे.

परंतु येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. हें शाद्वल आपल्या पूर्वजांनीं पाहिलें तें नदीकांठीं, माळावर, मोकळ्या जागीं. बाग म्हटली म्हणजे त्यांच्या डोळ्यांपुढें हिरवळ उभी राहत नसे. आमराई, कुंज, उपवन, म्हणजेच सांवली उभी राही. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचें प्रकरण घातलें आहे. त्याच्या आरंभींच तो सांगतो कीं, ज्या जलाशयाच्या कांठीं सांवली नाहीं तो मनाला रुचत नाहीं, म्हणून पाण्याच्या कांठीं बागा लावाव्या. ज्या देशांत वैशाखांतील ऊन अंगाची लाही करतें तेथें हें सांगणें स्वाभाविकच होय. आणि झाडाखालच्या जमिनीचें काय? तिला आमच्या लोकांनीं गवत लावलें नाहीं. तेथें पार बांधला. वडाभोंवतीं, पिंपळाभोंवतीं दगडी पार, आणि घरापुढच्या झाडाखालीं शेणानें सारवलेलें अंगण, हें सांवलीतल्या भूमीच्या प्रश्नाला महाराष्ट्रानें दिलेलें जुनें उत्तर आहे. पारावर गांव बसे. त्यासाठीं गवताची गरज कोणास भासली नाहीं.

आतां या शहराकडे येऊं. मलिक अंबरानें १६१० च्या सुमारास खडकी गांवीं राजधानी वसविली आणि डोंगरांतील झऱ्यांचें पाणी जमिनीखालून नहरींनीं शहरांत खेळविलें. पुढें औरंगजेब दख्खनच्या सुभेदारीवर दुसऱ्यांदा आला तेव्हां, म्हणजे १६५३ पासून, याच नगराला औरंगाबाद हें नांव मिळालें. या शहरांतील मोगल बागांचा पाया त्या नहरींच्या पाण्यावर आहे. दिलरास बानू बेगम १६५७ मध्यें वारली. तिच्या कबरीवरील इमारत, जिला आपण बीबी-का-मकबरा म्हणतों, ती १६६०-६१ च्या सुमारास पुरी झाली. सुमारें ४५८ मीटर लांब आणि २७५ मीटर रुंद अशा त्या आवारांत चारबागेची योजना आहे: चार चौक, त्यांना विभागणारे पाण्याचे पाट, आणि चौकांपेक्षां उंच असे फरसबंद रस्ते.

या चारबागेच्या चौकांत मोगल काळीं काय असे? आज तेथें जाणारा प्रवासी कातरलेली हिरवळ पाहतो आणि ती शहाजाद्यांच्या वेळेपासूनच असावी असें धरून चालतो. वस्तुतः मोगल चारबागेच्या खोलगट चौकांत फळझाडें, सुरू आणि फुलझाडें दाट लावीत. पाहणारा उंच रस्त्यावरून चाले, आणि झाडांचे शेंडे व फुलें त्याच्या नजरेच्या पातळीवर येत. बसावयाचें तर सांवलींत गालिचा अंथरीत, आणि त्या गालिच्यावरच चारबाग विणलेली असे. ताजमहालाच्या बागेंत आज दिसणारी मोकळी हिरवळ ही विसाव्या शतकाच्या आरंभीं लॉर्ड कर्झनच्या आमदानींत झालेल्या दुरुस्तीची देणगी आहे. तीच रुचि पुढें देशभरच्या जुन्या इमारतींच्या आवारांत पसरली. एकदां तिकडे लक्ष गेलें म्हणजे आपल्या ध्यानांत येतें कीं, ज्याला आपण मोगल बाग म्हणून पाहतों तिचा जमिनीवरचा रंग पुष्कळदां इंग्रजी असतो.

याच शहरांतील दोन स्थळें जुनी रीत अजून दाखवितात. दिल्ली दरवाजाजवळची हिमायतबाग सुमारें तीनशें एकरांची आहे. मोगल काळांतील ही बाग आज मराठवाडा कृषि विद्यापीठाचें फळसंशोधन केंद्र म्हणून नांदते, आणि तिचा आत्मा आंब्याच्या सांवलींत आहे. दुसरें स्थळ पाणचक्की. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशेजारीं खापरी नळांनीं दुरून आणलेलें पाणी, विस्तीर्ण हौद आणि त्यावर छाया धरणारा प्रचंड वड. तेथें भर चैत्रांत बसलेल्या मनुष्यास हिरवळ नसल्याची आठवणही होत नाहीं. पाणी आणि सांवली मिळाली म्हणजे बाग झाली, हा जो जुना सिद्धांत, त्याचें याहून सुंदर उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

पाणचक्कीवरून खाम नदीच्या बाजूनें पुढें गेलें म्हणजे छावणी लागते, आणि तेथें गवताचा निराळाच अध्याय सुरू होतो. एकोणिसाव्या शतकांत निजामाच्या मुलखांत इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज ठेवण्यांत आली. १८५३ च्या तहानें तिला हैदराबाद कन्टिन्जन्ट हें रूप आलें, आणि औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद वगैरे ठिकाणीं तिचीं ठाणीं होतीं. १८५७ च्या जूनमध्यें येथील घोडदळांत बंडाची ठिणगी पडली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. १९०३ मध्यें ही फौज हिंदी लष्करांत विलीन झाली. छावणी म्हटली म्हणजे बंगले आणि बँड डोळ्यांपुढें येतात. परंतु घोडदळाच्या छावणीची पहिली गरज म्हणजे गवत. घोड्यांमागें गवत आणणारीं माणसें लागत, आणि छावणीच्या हिंदुस्थानी बोलींत त्यांस घसियारे म्हणत. खुरपें घेऊन हे लोक माळावर बसत, हरळी मुळांसकट खरवडून काढीत, धूत, आणि भारे बांधून तबेल्यांत पोंचवीत. हरळीसारखा घोड्याचा चारा दुसरा नाहीं, हें इंग्रजांनीं आपल्या लोकांकडूनच शिकून घेतलें, आणि 'हरियाली' हा शब्दही उचलला. छावणीच्या इतिहासांत ज्यांचीं नांवें कोठेंही लिहिलेलीं नाहींत अशा या घसियाऱ्यांना त्या परिसरांतील गवत जितकें ठाऊक होतें तितकें क्वचितच दुसऱ्या कोणास ठाऊक असेल.

छावणींतील बंगल्यालाही गवताचा आधार असे. पण तो अंगणांत नव्हे, दारांत. उन्हाळा लागला म्हणजे दारांना वाळ्याचे पडदे लावीत आणि त्यांवर दिवसभर पाणी शिंपडीत. पश्चिमेची झळ त्यांतून गार व सुगंधी होऊन आंत येई. वाळा हें एक गवतच आहे, त्याचीं मुळें हीं त्या पडद्याचें द्रव्य. तसेंच बांबू हेंही गवताच्याच कुळांतील; चिका, खुर्च्या, कुंपणें त्याचीं. म्हणजे या देशांत मनुष्यानें सांवलीसाठीं गवत वापरलें, सांवलींत गवत लावलें नाहीं, असें म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु बंगल्यांत राहणाऱ्या साहेबाच्या मनांत घरची आठवण होती, आणि त्या आठवणीचा रंग हिरवा होता. इंग्लंडांत बारमाही रिमझिम पाऊस, थंड हवा आणि तिरपें, सौम्य ऊन असतें. तेथें गवत न लावतां उगवतें आणि न जोपासतां टिकतें. पूर्वीं तें विळ्यानें कापीत किंवा मेंढ्यांकडून चारवीत. १८३० मध्यें ग्लॉस्टरशायरमधील स्ट्राउड येथील एडविन बडिंग या कारागिरानें गवत कातरण्याचें यंत्र काढून त्याचें पेटंट घेतलें. लोकरी कापडावरील लव कातरण्याच्या यंत्रावरून ही कल्पना त्याला सुचली होती. हिमरूसाठीं प्रसिद्ध असलेल्या आपल्या शहराच्या बागांत जें यंत्र पुढें घरघरूं लागलें त्याचा जन्म कापडाच्या गिरणींत व्हावा, हा एक गमतीचा योगायोग होय. या यंत्रानें मध्यम स्थितींतल्या इंग्रज कुटुंबालाही घरापुढें हिरवळ बाळगतां येऊं लागली, आणि तीच हौस बोटींतून हिंदुस्थानांत आली.

येथें आल्यावर साहेबापुढें पेंच पडला. अंगणांत हिरवळ तर हवी. पण येथील ऊन असें कीं, घराभोंवतीं कडुलिंब, वड, चिंच हीं झाडें लावल्यावांचून राहणेंच अशक्य. म्हणून छावणींतून एकीकडे रस्त्यांच्या दुतर्फा आणि आवारांत झाडें लागलीं, आणि दुसरीकडे मोकळ्या भागांत हरळीची हिरवळ राखण्यांत आली. जेथें झाडांची सांवली पडे तेथें मात्र हिरवळीचा हट्ट सोडावा लागला; त्या जागीं आणि व्हरांड्याच्या कडेला कुंड्यांच्या रांगा आल्या, त्यांत नेचे, अळूच्या जातीचीं रंगीत पानें, क्रोटन. अनेक जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्यांत या कुंड्यांची परंपरा आजही दिसते. आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथें मिळतें: त्यांच्याआधीं या बंगल्यांत राहिलेल्या साहेबांनींही बहुधा कडुलिंबापुढें हार मानली असावी आणि कुंड्या मांडल्या असाव्या.

कडुलिंबाखालीं हरळी कां जगत नाहीं, हें माळ्याला अनुभवानें ठाऊक होतें. शास्त्राला त्याचें कारण बऱ्याच उशिरां कळलें. १९६६ मध्यें ऑस्ट्रेलियांतील हॅच आणि स्लॅक या दोन संशोधकांनीं उसाच्या पानांवर प्रयोग करून दाखविलें कीं, कांहीं वनस्पति सूर्यप्रकाशाच्या बळावर हवेंतील कार्बन डायऑक्साइड निराळ्या पद्धतीनें ग्रहण करतात. तो वायु त्या आधीं पानाच्या आंतील पेशींत सांठवून दाट करतात आणि मग त्याचें अन्न बनवितात. ऊस, ज्वारी, मका आणि आपली हरळी या सर्वांची पद्धति ही आहे. प्रखर ऊन आणि उष्णता असेल तेथें या पद्धतीनें वनस्पतीला मोठा लाभ होतो. पण या सांठवणीला जादा शक्ति खर्चावी लागते. ऊन मुबलक असेल तोंवर हा खर्च परवडतो. सांवलींत मिळकत घटते आणि खर्च मात्र तसाच राहतो. ज्या कुटुंबाचा डामडौल मोठा त्याचें मिळकत आटतांच जें होतें तेंच हरळीचें झाडाखालीं होतें. शिवाय पानांतून गाळून येणाऱ्या उजेडांतील तांबडा अंश झाडानें आधींच शोषून घेतलेला असतो. त्यामुळें खालचें गवत उंच, फिकट आणि अशक्त होतें. वरून जमिनींतील पाण्यावर झाडाच्या मुळांचा पहिला हक्क. तेव्हां शेणखत आणि पाणी यांनीं भागावें कसें?

मग सांवलींत गवत उगवतच नाहीं कीं काय? असें मुळींच नाहीं. आणि हें कळण्यासाठीं आपल्याच प्रांतांतील गवतांचा अभ्यास करणाऱ्या मंडळींचें स्मरण केलें पाहिजे. गोमंतकांत जन्मलेले डॉ. जुझे कामिलो लिस्बोआ हे मुंबईचे वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८६ मध्यें निघालेला वनस्पतींचा खंड त्यांच्या हातचा आहे. त्यांच्या पत्नीनें गवतें हा आपला विषय केला. १८८९ मध्यें बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत त्यांनीं हिंदुस्थान व सिलोनमधील सुगंधी गवतांवर निबंध लिहिला आणि त्यांत एका नव्या जातीचें वर्णन केलें. आजही त्या गवताच्या शास्त्रीय नांवामागें लिस्बोआ हें नांव लागतें. पुढें त्यांनीं मुंबई इलाख्यांतील गवतांची व त्यांच्या उपयोगांची यादीही प्रसिद्ध केली. त्या काळच्या रीतीप्रमाणें निबंधावर त्यांचें स्वतःचें नांव नसून 'मिसेस जे. सी. लिस्बोआ' असें आहे. बायकांनीं विज्ञानांत नांव करणें दुर्मिळ असलेल्या काळांत एका गोमंतकीय घराण्यांतील स्त्रीनें पायाखालच्या गवताकडे इतक्या आस्थेनें पाहिलें, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत असावयास हवी होती. पुढें झेवियर कॉलेजचे स्विस पाद्री एथेलबर्ट ब्लॅटर आणि चार्ल्स मॅककॅन यांनीं मुंबई इलाख्यांतील गवतांवर मोठा ग्रंथ सिद्ध केला. तो १९३५ मध्यें, ब्लॅटर यांच्या मृत्यूनंतर एका वर्षानें, बाहेर पडला.

या परंपरेच्या डोळ्यांनीं पाहिलें म्हणजे झाडाखालीं उगवणारीं आपलीं गवतें दिसूं लागतात. त्यांतलें एक तर आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल, पण त्याचें नांव विचारलें नसेल. शास्त्रज्ञ त्याला ऑप्लिस्मेनस म्हणतात. पाऊस पडतांच तें दाट झाडींत, देवराईंत, कुंपणाच्या सांवलींत जमिनीलगत पसरतें. पानें बांबूच्या लहानशा पानांसारखीं, पण काठाला लहरी असलेलीं. आणि त्याचीं चिकट कुसळें धोतराला, कुत्र्याच्या अंगाला चिकटून दूरवर जातात. याची पद्धति हरळीसारखी खर्चिक नाहीं. तें साध्या मार्गानें, थोड्या उजेडांत संसार करतें. याच कुळांतील पांढऱ्या-गुलाबी पट्ट्यांचा एक प्रकार परदेशांतील लोक टोपल्यांत टांगून शोभेसाठीं वाढवितात. आपण मात्र त्याच्या भावंडाला तण म्हणून उपटतों.

परदेशांचें नांव निघालें म्हणून सांगतों. गवत हें कातरण्यासाठीं नसून शोभेसाठीं, त्याच्या स्वतःच्या रूपांत वाढवावें, ही कल्पना युरोपांत रूढ करणाऱ्यांत जर्मनीचा कार्ल फर्स्टर अग्रगण्य होता. पॉट्सडॅमजवळील बोर्निम येथें त्याची रोपवाटिका होती. गवतें आणि नेचे यांच्या बागेंतील आगमनावर त्यानें १९५७ मध्यें एक पुस्तक लिहिलें. गवतांशेजारीं नेच्यांना बसविण्यांतच सांवलींतील गवताचें मर्म त्यानें ओळखलें होतें असें दिसतें. जपानांतील हाकोने डोंगराचें नांव धारण करणारें, धबधब्याप्रमाणें एका बाजूस झुकणारें एक गवत आज युरोप-अमेरिकेंतील सांवलीच्या बागांचें भूषण झालें आहे. तें पाहून आमच्या कांहीं मित्रांना तें येथें आणण्याचा मोह होतो. आम्ही सांगतों, हा मोह आवरावा. तें थंड, ओलसर कड्यावरचें गवत आहे. मराठवाड्याच्या मे महिन्यांत त्याचे हाल करण्यांत अर्थ नाहीं. इंग्रजी हिरवळीनें जी चूक आपल्या हातून करविली तीच जपानी गवताकडून पुन्हां करवून घेऊं नये.

मग करावें काय? आमच्या अल्प अनुभवावरून व जाणकारांच्या सांगण्यावरून येवढें म्हणतां येतें. जेथें दिवसांतून निदान अर्धा वेळ ऊन पडतें तेथेंच हरळी लावावी. जेथें विरळ, हलती सांवली आहे तेथें रुंद पानांचें, उष्ण अमेरिकेंतून आलेलें आणि मुंबई-पुण्याकडे बागांत रुळलेलें कार्पेट गवत चालतें. तें फार खालून कातरूं नये, कारण सांवलींत पान हीच गवताची मिळकत, आणि ती कापली म्हणजे मुद्दल जातें. दाट सांवलींत ज्याला नर्सरींत मोंडो गवत म्हणतात त्याच्या झुबक्यांची किनार करावी. तें खरें गवत नव्हे, शतावरीच्या कुळांतलें आहे. जपानी लोक त्याला व्यालाची दाढी अशा अर्थाचें नांव देतात. त्याचें एक भावंड आपल्या सह्याद्रींतही आहे. हौदाच्या कडेला, पाणी असेल तेथें, छत्रीसारख्या पानांचा लव्हाळ्याच्या जातीचा झुबका शोभतो. आवार मोठें असेल तर कोपऱ्यांत बांबूचें एक बेट असावें. आणि झाडाची गळलेली पानें रोज झाडून जाळण्याऐवजीं तेथेंच कुजूं द्यावीं. रानांतल्या सांवलीच्या गवताचें खत तेंच असतें.

हा केवळ शोभेचा प्रश्न नाहीं, म्हणून आम्ही तो इतक्या विस्तारानें मांडला. या शहरावर वर्षाकांठीं सुमारें सातशें मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. मलिक अंबरच्या नहरी बहुतेक बुजल्या. १९७६ मध्यें पुऱ्या झालेल्या जायकवाडी धरणाचें पाणी पैठणहून चढवून आणावें लागतें, आणि गेल्या कित्येक वर्षांत शहरांतील अनेक वस्त्यांनीं आठ-आठ दिवस नळाची वाट पाहिली आहे. अशा गांवीं सकाळ-संध्याकाळ पाणी पिणारी हिरवळ ही कोणाच्या तरी हंड्यांतून येते, हें विसरतां येणार नाहीं. उलट जुनें झाड कांहीं न मागतां सांवली देतें. हिरवळ मेली तर पुढल्या आषाढांत दुसरी लावतां येते. कडुलिंब छाटून खुरटविला तर त्याची सांवली परत मिळावयास एक पिढी जाते. रस्ते रुंद करण्यासाठीं, इमारती उठविण्यासाठीं झाडें जातात याबद्दल आपण हळहळतों, तें योग्यच आहे. पण सुशिक्षित माणसांनीं आपल्याच अंगणांतलें झाड केवळ एका परक्या देशाच्या हिरव्या आठवणीसाठीं छाटावें, याचें समर्थन आम्हांस करतां येत नाहीं.

आमच्या स्नेह्यांना आम्हीं हें सर्व सांगितलें, आणि त्यांचा मोठेपणा असा कीं, त्यांनीं तें मनावर घेतलें. कडुलिंबाला कोणी हात लावला नाहीं. उरलीसुरली हरळी माळ्यानें पूर्वेकडच्या उघड्या पट्ट्यांत नेऊन लावली. झाडाच्या बुंध्याभोंवतीं दगडांचा बुटका पार बांधला; त्याच्या कडेनें मोंडो गवताची किनार केली, आणि नेच्यांच्या चार कुंड्या ठेवल्या. बाकीच्या जागीं लिंबाचा पाला पडूं दिला. पुढल्या श्रावणांत आम्ही गेलों तेव्हां त्या पाल्यांतून लहरी काठाचें एक कोंवळें गवत हातभर पसरलेलें दिसलें. आम्हीं माळ्याला विचारलें, "हें केव्हां लावलें?" तो हंसून म्हणाला, "हे लावलेलं नाही, साहेब. आपणच आलं. इतके दिवस आपण त्याला उपटत होतो." आम्ही पारावर बसलों, चहा तेथेंच आला.